सात दहाचा मिस्ड कॉल

मी एका मेलेल्या माणसाला स्टेजवर बोलावलं. माईकवरून, दोनदा. दुसऱ्यांदा तर जरा लाडात येऊन.

सुरतेत डिंडोलीतल्या एका समाजाच्या वाडीत, म्हणजे त्यांच्या हॉलमध्ये, आमचा कार्यक्रम होता. टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स एकही दिवस न चुकवता शेवटच्या आठवड्यापर्यंत आणणाऱ्यांचा सत्कार. शाल, नारळ आणि स्टीलचा तीन पुडांचा डबा. नाव घ्यायची परवानगी कोर्स सुरू होतानाच अर्जावर घेतलेली असायची, त्यामुळे त्या बाबतीत मी निर्धास्त. समोर खुर्चीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याचे मालक सेठ, शेजारी महापालिकेच्या डॉक्टर मॅडम, आणि सूत्रसंचालक मी. हे काम दरवेळी माझ्याकडेच येतं, कारण एकदा धरलेला माईक मला सोडवत नाही, असं आमच्या घरी म्हणतात.

पाचवं नाव आलं. "नवागामचे रघुनाथभाऊ! एकसुद्धा गोळी चुकलेली नाही. या, या, लाजू नका."

कोणी उठेना.

"अहो रघुनाथभाऊ, डबा रिकामाच आहे, घाबरू नका. घरी जाऊन वहिनींकडून भरून घ्या."

माझ्या विनोदांना लोक हसत नाहीत याची मला सवय आहे. पण त्या दिवशीची शांतता वेगळी होती. पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. मग मागून एक म्हातारी उभी राहिली आणि तिच्या अहिराणीत म्हणाली, "भाऊ, तो कसा येई? तो ते आखाडमाज मरी गया."

आषाढात मेला. आणि आम्ही दसऱ्यानंतर डबा देत होतो.

मी यादीकडे पाहिलं. रघुनाथच्या नावापुढे शंभर टक्के असं छापलेलं होतं. त्याच्या पुढच्या रकान्यात शेवटचा डोस कधी घेतला ते. तिथे लिहिलं होतं: आज सकाळी, सात दहा.

हे कसं होऊ शकतं ते कळायला आमचा धंदा थोडा सांगावा लागेल.

मी लोकांना संस्था उभ्या करून देतो. माझे सासरे शेवटपर्यंत समजत होते की जावई औषधांचा एजंट आहे, आणि मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण एजंट म्हटल्यावर ते निदान मान तरी डोलवायचे. खरं काम असं. महापालिकेकडे औषध आहे, लॅब आहे, डॉक्टर आहेत. पण बारा बारा तासांच्या पाळीत लूम चालवणाऱ्या माणसापर्यंत ती पोचत नाही. सेठकडे जागा आहे, लाईट आहे, आणि आजारी कारागिरांमुळे बंद पडणारे लूम आहेत. आणि गल्लीतल्या बायांना कुठल्या खोलीत कोण खोकतं हे तोंडपाठ असतं. या तिघांना एका कागदावर सही करायला लावायची. कागद दोन पानांचा. सह्या व्हायला दोन वर्षं लागतात. सेठला वाटतं महापालिका धाड घालायला येतेय. महापालिकेला वाटतं सेठला पेपरात फोटो हवाय. गल्लीला वाटतं दोघं मिळून आपल्याला इथून उठवणार. तिघांचाही संशय अर्धा खरा असतो. उरलेल्या अर्ध्यावर माझं पोट चालतं.

संस्था काढायला सात माणसं लागतात, एक लाईट बिल लागतं, आणि गल्ली जिचं ऐकते अशी एक बाई लागते. पहिल्या दोन गोष्टी कुठेही मिळतात. तिसरी आम्हाला हिराबाईच्या रूपाने मिळाली. पारोळ्याकडची, आयुष्यभर साड्यांचे धागे कापलेली. पहिल्या सभेत तिला अध्यक्ष केलं तेव्हा तिने विचारलं होतं, "अध्यक्ष म्हंजे खुर्च्या मीच उचलायच्या का?" मी म्हटलं, नाही. तरी ती उचलतेच.

आता गोळ्यांचं. टीबीत औषध मधेच सोडलं तर रोग निबर होतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही. म्हणून रोजची गोळी रोज गेली की नाही हे बघावं लागतं. त्या वर्षांत एक युक्ती आली होती. गोळ्यांची पट्टी एका जाड कागदी पाकिटात चिकटवलेली असायची. गोळी दाबून बाहेर काढली की कागद फाटायचा आणि आत लपलेला एक फोन नंबर दिसायचा. पेशंटने आपल्या फोनवरून त्याला मिस्ड कॉल द्यायचा. फुकट. की इकडे आमच्या कॉम्प्युटरवर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. कॉल आला नाही तर लाल. कुठल्या गोळीमागे कुठला नंबर आहे हे आधी कोणालाच माहीत नसायचं. म्हणजे गोळी फोडल्याशिवाय हिरवा ठिपका पडणं शक्य नाही.

यावर मी माझं डोकं चालवलं. आमच्याकडे घरोघर जाणाऱ्या बाया मोजक्या, पेशंट भरपूर. मी नियम काढला: हिरवे सोडा, लाल धरा. ज्याचा ठिपका हिरवा त्याच्या घरी जायची गरज नाही, घरच्यांनी महिन्याला रिकामी पट्टी आणून नवी न्यावी. या नियमाचं तेव्हा फार कौतुक झालं. मी ते इतक्या ठिकाणी सांगितलं की बायकोने जेवताना भाजीबद्दल विचारलं तरी मी "हिरवी सोडा" म्हणायचो.

रघुनाथची पट्टी मी स्वतः सुरू केली होती. उंच, खांदे पडलेला, रात्रपाळीचा लूम कारागीर. सकाळी सातला सुटायचा. दर नव्या पेशंटला मी एक वाक्य ऐकवतो, खांद्यावर हात ठेवून, जरा नाटकी आवाजात: "मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही." बहुतेक लोक मान हलवतात. रघुनाथने विचारलं, "आणि थांब म्हणायला तुम्ही याल ना, साहेब? नाहीतर मी घेतच राहीन."

"येईन की," मी म्हटलं.

कार्यक्रम कसाबसा उरकला. मॅडमनी मला बाजूला घेतलं. "तीन महिने मयत माणसाच्या नावावर औषध जातंय. कोण घेतंय ते आठ दिवसांत शोधून काढा, नाहीतर पुढच्या करारावर मी सही करणार नाही." मग आवाज खाली आणला. "करार जाऊ दे. हे औषध वजन बघून, महिना बघून देतो आपण. ते भलत्याच्या पोटात जातंय. तो माणूस मरेल."

सेठ गाडीत बसता बसता म्हणाले, "साहेब, कॉम्प्युटरमां तो लीलुं छे ने? पछी शुं?" हिरवं आहे ना, मग झालं. त्यांचा काय दोष? हे मीच त्यांना शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो. सुनंदा, माझी बायको, शाळेत जायच्या घाईत डबा भरत होती. सात वाजले. सात पाच. रघुनाथचा ठिपका राखाडी, म्हणजे कॉल अजून आलेला नाही. मी स्वतःला समजावत होतो की काल वाडीत सगळ्यांसमोर फजिती झाली, आता जो कोणी हे करतोय तो घाबरून थांबला असेल.

सात दहाला ठिपका हिरवा झाला.

"काय झालं?" सुनंदाने विचारलं. माझा चेहरा पाहून तिने पोळी डब्याऐवजी ताटात टाकली.

"मेलेल्या माणसाने गोळी घेतली."

"तुमच्या जिवंत माणसांना कामाला बोलवावं लागतं. हा बरा, आपणहून उठतो," ती म्हणाली आणि डबा घेऊन निघून गेली. दार ओढलं गेलं आणि घरात मी आणि तो ठिपका दोघंच उरलो.

मी मागचे दिवस उघडले. आषाढात रघुनाथ कसा गेला हे मी रात्रीच विचारून घेतलं होतं. संध्याकाळी पाळीवर जाताना चौकात टेम्पोने उडवलं, जागीच. त्या दिवसाचा ठिपका हिरवा असणं ठीक, तो सकाळचा. मी दुसऱ्या दिवसाचा पाहिला. हिरवा. सात दहा. त्या वेळी रघुनाथ शवागारात होता. मी तिसरा दिवस पाहिला. मग दहावा, तेरावा. रोज सात दहा. जिवंत माणसं एवढी नेमाने काही करत नाहीत. जिवंत माणूस एखाद्या दिवशी सात वीसला उठतो.

हिराबाईला घेऊन मी दुपारी नवागामला गेलो. रघुनाथ गेल्याचं तिला माहीत होतं; ठिपक्यांची यादी मात्र मी तिला कधी दाखवलीच नव्हती. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना खाली लूम आणि वर खोल्या. लूमचा आवाज तिथे कानाला ऐकू येत नाही, तो छातीत वाजतो. थोड्या वेळाने आपलं काळीज वाजतंय की लूम, हे कळेनासं होतं. माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात.

रघुनाथच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. शेजारच्या दारात कालचीच म्हातारी बसली होती. हिराबाईने तिच्या कानाशी ओरडून विचारलं, म्हातारीने तसंच ओरडून सांगितलं: रघुनाथची बायको मंगल माहेरी गेली, महिना झाला. मुलगी? मुलगी शिकते, म्हणून माझ्याकडे ठेवली. हे सांगताना ती आमच्याकडे बघत नव्हती, कुलपाकडे बघत होती.

मग मला एक हुशारी सुचली. मी रघुनाथच्या नंबरवर फोन लावला.

माझ्या कानात रिंग वाजत होती, आणि त्याच वेळी गल्लीची लाईट गेली.

सुरतेत राहणाऱ्यालाच कळेल मी काय म्हणतोय ते. शंभरेक लूम एका क्षणात थांबले. शांतता अशी पडली की हिराबाईने कानावर हात ठेवले. आणि त्या शांततेत, कुलूप लावलेल्या दारामागे, एक फोन वाजत होता. जुन्या बटनवाल्या फोनची किरकिरी रिंग. चार वेळा वाजला. पाचव्या रिंगेला कोणीतरी तो कापला.

मग आत कोणीतरी खोकलं. आधी दाबून, मग दाबता न येऊन.

हिराबाईने माझा दंड धरला. या बाईने गल्लीतले दारुडे खांद्यावर टाकून घरी पोचवलेत. आता ती माझ्यामागे सरकली. "भाऊ," ती कुजबुजली, "हा त्याचाच खोकला. मी ओळखते."

पळून जावं असं मला वाटलं नाही असं मी लिहिलं तर सुनंदा हे पान वाचून हसेल. मी दोन पायऱ्या उतरलोही होतो. पण मॅडमचं वाक्य मागे लागलं होतं. तो माणूस मरेल. भूत मरत नाही. खोकणारं जे काही आत होतं, ते मरू शकत होतं.

मी हे हिराबाईला सांगितलं. तिने एक मोठा श्वास घेतला, दाराला तोंड लावलं आणि म्हणाली, "मंगल, व माय, मी हिराबाई शे. दार उघाड."

मग अगदी जवळून, म्हणजे ती दाराला टेकूनच बसली होती, आवाज आला, "किल्ली आजीजोय शे."

म्हातारीने मुकाट्याने कमरेची किल्ली काढली.

आत खिडकीला चादर लावलेली. जमिनीवर साडी पसरलेली, तिच्यावर टिकल्या चिकटवण्याचं काम अर्धवट, आणि माझ्या मोबाईलच्या उजेडात त्या टिकल्या डोळ्यांसारख्या चमकत होत्या. मंगलचे स्वतःचे डोळे हळदीसारखे पिवळे. भिंतीवर रघुनाथचा हार घातलेला फोटो, फोटोखाली फोन आणि गोळ्यांची पट्टी, अशी मांडलेली की शेजारी नुसती उदबत्ती हवी होती.

"तुम्हीच का ते साहेब? माईकवर नाव घेतलं ते?" तिने मला विचारलं.

मी हो म्हटलं. एवढं लहान उत्तर द्यायला मला कधी एवढा वेळ लागला नव्हता.

तिने जे सांगितलं ते असं. रोज सात वाजून दहा मिनिटांनी तीच रघुनाथला गोळ्या फोडून द्यायची आणि मिस्ड कॉल मारायची. फोन घरातच असायचा, तो पाळीवर न्यायचा नाही. "ते गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी घर माणसांनी भरलेलं. माझा हात आपोआप गेला. गोळ्या फोडल्या, फोन लावला, आणि हात पुढे केला. घ्यायला कोणी नव्हतं." तिने जमिनीवरची एक सुटी टिकली उचलून साडीवर ठेवली. "मग मीच गिळल्या. खोकला मलाही होता. दोन महिन्यांपासून होता."

"मग सांगायचं होतं ना, माय," हिराबाई म्हणाली.

"सांगितलं की टीबीचं कार्ड निघतं. कार्ड निघालं की गल्लीभर नाव होतं. सासू आणि थोरले दीर टपून बसलेत. म्हणतात, नवऱ्याला होता, हिलाही असणार, पोरगी आम्ही गावी नेतो. दिराचा माणूस रोज गल्लीत फेरी मारून जातो. म्हणून आजी कुलूप लावते. महिन्याला तोंड झाकून मी तेवढी पट्टी आणायला बाहेर पडते." मग माझ्याकडे पाहून, अगदी साध्या आवाजात, "तुम्ही त्यांचं नाव घेतलं, ते तर मेलेले. माझं घेतलं असतं तर पोरगी गेली असती."

मला विचारायचं नव्हतं, पण राहवेना. "आणि रोज सात दहालाच का?"

"मला वाटलं कॉम्प्युटर वेळ पण बघतो."

"काल वाडीत एवढं झालं. आज तरी थांबायचंत."

"थांबू कशी? ते मला रोज ऐकवायचे. साहेब थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

लाईट आली. खाली शंभर लूम एकदम सुरू झाले, आणि त्यानंतर ती जे काही बोलली ते मला फक्त तिच्या ओठांवर दिसलं.

वैद्यकीय भाग थोडक्यात सांगतो. सुरुवातीचे दोन महिने औषधं जास्त असतात, नंतर कमी. तिने सुरुवातच शेवटाकडून केली होती. शिवाय गोळ्या रघुनाथच्या वजनाच्या, आणि ती त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. म्हणून लिव्हर दुखावलं आणि डोळे पिवळे. रोग निबर झालाय का ते कळायला तिचा बेडका लॅबला गेला. रिपोर्ट चांगला आला. साध्या गोळ्यांनी ती बरी होणार होती. मुलीचीही तपासणी केली, तिला काही नव्हतं.

मॅडमना आणि सेठना मी एकत्र बसवून सगळं सांगितलं. सेठनी विचारलं, "हिरव्याच्या घरी जायचं नाही, हा नियम कोणी काढला?"

"मी," मी म्हटलं.

"तो हवे काढी नाखो," ते म्हणाले. मग आता काढून टाका. करारात एक ओळ वाढली: प्रत्येक घरी महिन्यातून एकदा माणूस जाईल, ठिपका कुठलाही असो. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी लिहिलेली ही एकच उपयोगी ओळ असावी.

मंगलचं नाव कुठल्या यादीवर वाचलं गेलं नाही. हिराबाई रोज सकाळी तिच्याकडे टिकल्यांच्या साड्या पोचवायला जाऊ लागली. पिशवीत साड्या, साडीच्या घडीत गोळ्या. दिराच्या माणसाने कधी पिशवी उघडलीच असती तर हिराबाईने त्याला तिथेच साडी नेसवली असती. रघुनाथचा फोन आणि उरलेली पट्टी मंगलने माझ्याकडे दिली. "हे आता घरात नको." फोनची बॅटरी फुगली होती. मी ती काढून वेगळी ठेवली आणि सगळं ऑफिसच्या लोखंडी कपाटात टाकून कुलूप लावलं. कॉम्प्युटरवर रघुनाथचं खातं बंद केलं. कारण: मृत.

सहा महिन्यांनी मंगलचा कोर्स संपला. मी मुद्दाम गेलो, शब्द दिला होता म्हणून. खिडकीवरची चादर गेली होती, मुलगी दारात बसून पाढे म्हणत होती. मी उंबऱ्यात उभा राहून म्हटलं, "मंगलताई, आता थांबा." ती हसली आणि तोंडाला पदर लावून आत गेली. बाहेर आल्यावर हिराबाई म्हणाली, "भाऊ, तुम्ही माईकशिवाय बरे बोलता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत होतो. मोबाईल वाजला. रोजच्या ठिपक्यांचा आपोआप येणारा मेसेज. एकच ओळ होती. रघुनाथ, नवागाम: आजचा डोस घेतला. वेळ सात दहा.

मी तसाच स्कूटर काढून ऑफिसला गेलो. कपाटाचं कुलूप जागेवर. फोन जागेवर, बॅटरी वेगळी, तशीच फुगलेली. पट्टी जागेवर. तिच्यातल्या किती गोळ्या फोडलेल्या होत्या ते मी मोजलं. पण आत ठेवताना किती होत्या? ते मी मोजलंच नव्हतं. पट्टी हातात घेतली की आधी गोळ्या मोजा, असं मी सगळ्या बायांना वर्षानुवर्षं शिकवत आलोय. मिस्ड कॉलवाल्यांच्या दिल्लीच्या मदत केंद्राला फोन केला तेव्हा तिथला मुलगा जांभई देत म्हणाला, "पुराना मैसेज होगा सर, सर्वर में अटका होगा." तसंच असणार. मला दुसरं काही म्हणायचं नाही.

संध्याकाळी मी हे सुनंदाला सांगितलं. ती मुलांच्या वह्या तपासत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं, आणि नेहमीप्रमाणे ती माझी थट्टा करेल म्हणून मी वाट बघत बसलो. पण तिने थट्टा केली नाही.

"अहो," ती म्हणाली, "मंगलला घरी जाऊन सांगून आलात, आता थांब म्हणून. त्याला कोणी सांगितलंय?"